दोषी बळी आणि माणसांची भिंत

झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तान्त वाटून वाचण्याची पद्धत आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. निवेदकाचा भाग एकजण वाचतो, पेत्र, पिलात, दासी इत्यादींची वाक्ये दुसरा वाचतो, ख्रिस्ताची वाक्ये शक्यतो धर्मगुरूसाठी राखून ठेवलेली असतात, आणि जमावाचे म्हणणे सगळ्या मंडळीने एका स्वराने म्हणावयाचे असते. वडोदऱ्यात आमच्याकडे मराठी बोलणारी घरे थोडी. तरी त्या दिवशी एक मराठी मिस्सा व्हावी, असा जुन्या मंडळींचा आग्रह असतो. काही वर्षांपूर्वी अशाच मिस्सानंतर एका वृद्ध धर्मशिक्षकाने मला गाठून विचारले, ‘‘फादर, ते क्रूसाची शिक्षा मागण्याचे वाक्य आम्ही दरवर्षी ओरडतो. पण ते कोण म्हणून ओरडायचे? त्या वेळचे यरुशलेमकर म्हणून, की आम्ही आहोत तसेच?’’ मी त्यांना पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले: आपल्या सर्वांच्या पापांमुळे प्रभूला मरण आले, वगैरे. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु त्यांचा प्रश्न सिद्धान्ताचा नव्हता, उभे राहण्याच्या जागेचा होता, हे माझ्या ध्यानी आले नाही. ते ध्यानी आले ते पुढे, एक मराठी नाटक पुन्हा वाचताना.

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रथम रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नानाची भूमिका मोहन आगाशे करीत. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने ते थांबविले. कलावंत बाहेर पडले, त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडेमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे केले. या साऱ्या वादाचा विषय एकच होता: नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याचे असे चित्रण का केले? आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकरांनी स्वतःच बजावून ठेवले होते, तरी वाद शमला नाही. मला मात्र या वादातली एक गोष्ट लक्षणीय वाटते. नानांच्या अब्रूसाठी माणसे रस्त्यावर आली; घाशीरामाच्या बाजूने कोणी निषेधाची सभा भरविल्याचे ऐकिवात नाही. त्याचा निकाल १७९१ सालीच लागून गेला होता.

तो निकाल काय होता, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. घाशीराम सावळदास हा उत्तरेकडला ब्राह्मण. १७७७ मध्ये तो पुण्याचा कोतवाल झाला आणि चौदा वर्षे त्या जागेवर राहिला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यास आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना पकडून एका कोंदट कोठडीत रात्रभर डांबण्यात आले व त्यांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले, जमावाने नानांना घेरले, आणि ज्या कोतवालाला सरकारनेच इतकी वर्षे जोपासले त्याला जमावाच्या हाती देण्यात आले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. पुढे त्याचे नाव जुलमी अधिकाऱ्याची खूणच होऊन बसले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली पुस्तक लिहिले तेव्हाही शीर्षकाला तेच नाव कामी आले.

आम्हा वडोदरेकरांना असा निकाल परका नाही. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची १८७५ मध्ये चौकशी झाली. आयोगाचे सहा सभासद होते. तिघा इंग्रजांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध मानला नाही. मत समसमान पडले तेव्हा सरकारने विषाची गोष्ट बाजूला ठेवून गैरकारभाराच्या सबबीखाली महाराजांना पदच्युत केले. मद्रासेस नजरकैदेत ते १८८२ मध्ये वारले. ते निष्पाप होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या कारभाराचे वाभाडे काढण्याजोगे पुष्कळ होते. परंतु शहराच्या स्मृतीत त्यांची नेमणूक कशी झाली आहे ते पाहावे. सयाजीराव महाराज काळ्या घोड्यावर आरूढ होऊन दिवसरात्र दिसतात. मल्हाररावांचे नाव निघते ते सोन्याच्या तोफांची गोष्ट सांगताना, आणि सयाजीरावांचा प्रकाश उठून दिसावा म्हणून मागे लावलेल्या काळ्या पडद्यासारखे. हाही रचनेचाच प्रकार होय. फक्त तो कोणा एका कलावंताने केलेला नाही.

आता तेंडुलकरांच्या रचनेकडे वळू. रंगमंचावर ओळीने ब्राह्मण उभे असतात. गातात, डोलतात, गणपतीच्या नाचाला साथ देतात. कोकणातील खेळ्यांचा आणि दशावताराचा तो वारसा आहे. पण ही ओळ नुसते गायकवृंद राहत नाही. ती पाठ फिरवते आणि भिंत होते. फुटते आणि पुण्याची गल्ली होते. पुन्हा जुळते आणि देऊळ, बावनखणी, नानाचा वाडा होते. नेपथ्याचे लाकूड जवळजवळ नाही. जे काही आड आहे ते माणसांचे आड आहे. नाना आणि घाशीरामाची मुलगी ललितागौरी यांच्यात जे घडते ते या भिंतीमागे घडते, आणि भिंतीला डोळे आहेत, कान आहेत, ती भजन म्हणते आहे, हे प्रेक्षक पाहत असतो. दाराच्या मागे पाप झाले तर दाराचा दोष नसतो. इथे दारच देवाचे नाव घेत उभे आहे.

शेवटी घाशीरामाचे मरण मागायला जो जमाव नानाकडे येतो तो याच ओळीतून बनतो. नवा नट नाही, नवा वेष नाही. रात्री बावनखणीत जाणारे, दक्षिणेसाठी धक्काबुक्की करणारे, परक्या घाशीरामावर चोरीचा आळ घेऊन त्याला हाकलणारे, आणि आता न्याय मागणारे, सगळे तेच. दिग्दर्शकाने व नाटककाराने या माणसांविरुद्ध एकही भाषण लिहिलेले नाही. त्यांना फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर ठेवले आहे. दोषारोप करणाऱ्यांविषयी कलावंताला काय वाटते ते त्याने त्यांना विंगेत जाऊ न देऊन सांगितले. मराठी रंगभूमीवर याहून कठोर टीका मला ठाऊक नाही.

येथवरचा विचार अनेकांनी केलेला आहे. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढची पायरी चढावी लागते. १९७२ याच वर्षी फ्रान्समध्ये रेने झिरार यांचा हिंसा आणि पावित्र्य यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजातील कलह एका बळीवर ढकलला जातो, त्याला मारल्यावर शांतता येते, आणि त्या शांततेलाच लोक बळीच्या दोषाचा पुरावा मानतात, असा झिरार यांचा सिद्धान्त. शुभवर्तमान हे चक्र उघडे पाडते, कारण ते बळीच्या बाजूने बोलते व तो निर्दोष होता हे सांगते, असे त्यांनी पुढे मांडले. सेमिनरीत शिकत असताना या विचाराने मी भारावून गेलो होतो. आजही तो मला मोलाचा वाटतो. परंतु घाशीराम या सिद्धान्ताच्या गळ्यात अडकलेला काटा आहे. तो बळी आहे आणि निर्दोष मुळीच नाही. त्याने शहर छळले, माणसाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून सत्य काढू पाहिले, आणि या सर्वांच्या आधी कोतवालीच्या मोबदल्यात पोटच्या मुलीला नानाच्या स्वाधीन केले. नाटक त्यातले काहीही झाकत नाही. सहानुभूती मिळवून देण्यासाठी तेंडुलकरांनी त्याचे एक पापही हलके केले नाही.

आणि तरीही मरणाच्या प्रसंगी रचना त्याच्याकडे वळते. एक हात बांधलेला, रक्ताने माखलेला हा मनुष्य मारणाऱ्यांना बोलावतो, अजून मारा म्हणतो, आणि ओरडून सांगतो की ही शिक्षा मला माझ्या मुलीच्या मरणासाठी हवी आहे. येथे क्षणभर थांबावे. जमावाच्या आरोपपत्रात कोठडीत मेलेले ब्राह्मण आहेत. गौरी त्यात नाही. ती असू शकत नाही, कारण तिचे नाव लिहिले की त्याखाली नानाचे लिहावे लागेल आणि मग भिंतीतल्या प्रत्येकाचे. ज्या पापासाठी कोणी त्याला धरलेले नाही ते पाप घाशीराम स्वतः होऊन कबूल करतो. साऱ्या नाटकातला हा एकमेव पापांगीकार, आणि तो दंडित मनुष्याच्या तोंडी आहे. ऐकणारे तो ऐकत नाहीत. त्यांचे हात दगडांत गुंतलेले आहेत.

हे वाचताना मला यहूदा इस्कर्योत आठवल्यावाचून राहिला नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात तो रुप्याची तीस नाणी परत घेऊन मंदिरात जातो आणि आपण निरपराध रक्ताचा घात केला असे याजकांसमोर मान्य करतो. याजक त्याला सांगतात की त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. मग ते त्या पैशाचा काटेकोर विचार करतात: रक्ताचे मोल भांडारात चालायचे नाही, म्हणून त्यांतून कुंभाराचे शेत घेतले जाते. पापांगीकार ऐकणे हे ज्यांचे काम, त्यांनी हिशेब केला. आपण प्रवचनात यहूदाच्या तीस नाण्यांविषयी तासभर बोलतो. त्याला ऐकून न घेणाऱ्या याजकांविषयी फार क्वचित.

चित्रकारांनीही यहूदाची जागा ठरविण्यात आपले अंतःकरण उघड केलेले आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सला कास्तान्यो आणि गिर्लांदाइयो यांनी अंतिम भोजनाची चित्रे काढली, तेव्हा यहूदाला मेजाच्या अलीकडल्या बाजूला एकटा बसविला. अकरा जण पलीकडे, हा इकडे. पाहणाऱ्याला शोधावे लागत नाही, विचारावेही लागत नाही. लिओनार्दोने मिलानमध्ये त्याला उचलून इतरांच्या ओळीत, पेत्र आणि योहान यांच्या लगत ठेवला. हातात थैली आहे, चेहऱ्यावर सावली आहे, पण बाक एकच आहे. ‘मी तो आहे काय’ अशा अर्थाचा प्रश्न बाराही जणांच्या तोंडी का आला, हे त्या चित्रातच समजते. फ्रान्समधल्या व्हेझले येथील बाराव्या शतकातल्या एका स्तंभशीर्षावर तर फाशी घेतलेला यहूदा एका बाजूस आहे आणि दुसऱ्या बाजूस एक मनुष्य त्याचे प्रेत खांद्यावर घेऊन चाललेला आहे. त्या वाहकात उत्तम मेंढपाळ पाहावा, असा अर्थ काहींनी लावला व पोप फ्रान्सिस यांनी तो मोठ्या प्रेमाने सांगितला. शिल्पकाराच्या मनात तेच होते काय, हे सिद्ध करता येणार नाही. पण दगडात तशी जागा त्याने ठेवली, एवढे खरे.

आता आपल्या घरातील भिंतीविषयी. उत्तम शुक्रवारच्या विश्वप्रार्थनांत शतकानुशतके एक विचित्र नियम होता. प्रत्येक हेतूनंतर सर्वांनी गुडघे टेकावयाचे; यहूदी लोकांसाठीची प्रार्थना आली की टेकावयाचे नाहीत. लॅटिन न समजणाऱ्या शेतकऱ्यालाही तो अर्थ कळत असे. सगळे देऊळ एकदम उभे राहिले की कोणाला शिक्षा झालेली आहे हे सांगायला शब्द लागत नाहीत. बारावे पायस यांनी १९५५ मध्ये गुडघे टेकणे पुन्हा सुरू केले, तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये त्या प्रार्थनेतले निंदाव्यंजक विशेषण काढले, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहूद्यांवर अथवा आजच्या यहूद्यांवर सरसकट लादता येणार नाही, असे जाहीर केले. त्याआधी युरोपात काय काय झाले ते वाचकांस माहीत आहे. आमची भिंतही भजन म्हणत होती.

पिलाताविषयी थोडेच लिहितो. नाना आणि पिलात यांची तुलना फार सोपी आहे, म्हणून ती करण्याचा मोह आवरावा. पिलाताने निदान तीनदा सोडवण्याचा प्रयत्न केला, असे योहान सांगतो. इथिओपियाच्या ख्रिस्तसभेने तर त्याला संतांत घातले. नाटकातला नाना कोणालाही सोडवत नाही. त्याने घाशीराम नेमला होताच मुळी एक दिवस देऊन टाकण्यासाठी. शेवटी तो लोकांपुढे येऊन शहरावरचे संकट टळल्याचे जाहीर करतो, उत्सवाची आज्ञा देतो, आणि नाच पुन्हा सुरू होतो. काइफाचा युक्तिवाद, म्हणजे सर्वांसाठी एकाने मेलेले परवडते हा, इतक्या हसतमुखाने मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या नाटकाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली गौरीविषयी. रचनेने तिला फार थोडे दिले. ती नाचते, तिच्याकडे पाहिले जाते, ती नेली जाते, आणि तिच्या मरणाची वार्ताही आपल्याला आडवळणाने कळते. खरा निरपराध बळी तीच. पण भिंतीने तिला जितके झाकले त्याहून थोडे कमीच नाटककाराने उघड केले. कोणी म्हणेल, तेच तर दाखवायचे होते. असेलही. तरी दोषी बळीला मरताना एवढे मोठे नृत्य मिळावे आणि निर्दोष बळीला एक वाक्यही धड मिळू नये, हे मला खुपते.

दुसरी तक्रार अधिक नाजूक आहे. भिंत शेंडी-जानव्याची आहे. तेंडुलकरांनी कितीही सांगितले की मला जातीविषयी बोलायचे नव्हते, तरी डोळ्यांना दिसते ते दिसते. त्यामुळे जो ब्राह्मण नाही त्या प्रेक्षकाला खुर्चीत आरामात बसण्याची सवलत मिळते. आपल्या ख्रिस्ती समाजात अशी सवलत घेणारे कमी नाहीत, आणि त्याला कारणेही आहेत. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलले गेले त्यांनी ही भिंत पाहून समाधान मानले तर मी त्यांना उपदेश करणार नाही. पण समाधान मानणारा प्रेक्षक हा भिंतीबाहेर राहतो, आणि मग तो या नानांचा, त्या ब्राह्मणांचा निकाल लावून घरी जातो. दंडितांची यादी एका नावाने वाढते, एवढेच.

मी स्वतः घरी तसा जाऊ शकलो नाही. एका धर्मग्रामात असताना कमिटीतील एका गृहस्थाने मदतनिधीतील रक्कम वापरल्याचे उघडकीस आले. आरोप खरा होता. त्याने तो नाकारलाही नाही. कमिटीने त्याला दूर करण्याचा ठराव केला आणि मी तो रविवारी वेदीवरून वाचून दाखविला. वाचून झाल्यावर मला हलके वाटले, हे मला स्पष्ट आठवते. मिस्सा नेहमीपेक्षा चांगली झाली, गाणी जोरात झाली. नंतर वही नीट तपासली तेव्हा त्याच निधीतून उसनवारी केलेली आणखी दोन नावे निघाली. ती ठराव मांडणाऱ्यांपैकीच होती. त्यांनी पैसे मुकाट्याने भरले आणि ती नावे आम्ही वाचून दाखविली नाहीत. तो गृहस्थ ठरावाच्या आदल्या रात्री माझ्याकडे आला होता. पैशाविषयी नव्हे, घरातल्या दुसऱ्याच एका गोष्टीविषयी त्याला बोलायचे होते. मी त्याला सांगितले की आधी हिशेबाचे मिटू द्या, मग बोलू. तो पुन्हा आला नाही. गाव सोडून मुलाकडे गेला. त्याला काय सांगायचे होते ते मला आजतागायत समजलेले नाही.

त्या वृद्ध धर्मशिक्षकाचा प्रश्न मला यानंतर कळला. आणि एक गोष्ट अशीही लक्षात आली की झावळ्यांच्या रविवारच्या आपल्या मांडणीत जमावात सगळे आहेत, फक्त धर्मगुरू नाही. त्याच्या वाट्याला ख्रिस्ताची वाक्ये आहेत. त्यामागचे कारण आदराचे आहे, हे मी जाणतो. पण परिणाम असा होतो की वर्षातून एकदा ज्या भिंतीत सारे देऊळ उभे राहते त्या भिंतीबाहेर एकच माणूस उरतो आणि तो मी असतो. काइफा आणि हन्ना यांचा व्यवसाय लक्षात घेता हे जरा अजब आहे.

गेल्या वर्षी ख्रिस्ताची वाक्ये वाचत असताना जमावाचे वाक्य आले तेव्हा मंडळीबरोबर मीही ते म्हटले. पहिल्या बाकावरच्या दोन-तीन मुलांनी मान वर करून पाहिले. बाकी कोणाच्या ध्यानात आले नसावे. तो वृद्ध धर्मशिक्षक आता हयात नाही. मी जे केले ते नियमात बसते किंवा नाही याविषयी मला शंका आहे, आणि या बुलेटिनच्या वाचकांत उपासनाविधीचे जाणते आहेत. त्यांनी यावर अवश्य लिहावे.